साहेबांची सही

मी साहेबांची सही बोलतेय. शाईची नव्हे, डिजिटल! अंगठ्याएवढ्या डोंगलमध्ये माझा मुक्काम. कॉम्प्युटरला लावायचं, पिन टाकायचा, की दाखल्यावर हिरवी बरोबरची खूण आणि खाली रंगनाथसाहेबांचं नाव. पुण्यातल्या एका क्षेत्रीय कार्यालयात जन्म-मृत्यूचे दाखले माझ्यावाचून अडायचे. कोणतं कार्यालय ते विचारू नका, आधीच पुष्कळ शोभा झाली आहे.

मला मिळवताना साहेबांनी आधार कार्ड दाखवलं, कॅमेऱ्यापुढे आपलं नाव सांगितलं, त्याआधी तीनदा कॉलर नीट केली. पहिला आठवडा मी त्यांच्या खिशात होते. काय मान होता! मग त्यांना माझा कंटाळा आला. मीटिंगहून यायचं, दोनशे दाखल्यांपुढे बसायचं, म्हणजे त्रासच की. त्यातून एकदा पिन विसरले. तेव्हा त्यांनी तो पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून माझ्या पाठीला डकवला आणि मला ऑपरेटर पूर्णिमाबाईंच्या टेबलावर ठेवलं.

"हे तुमच्याकडेच असू द्या. लोक खोळंबतात."

"साहेब, पण सही तुमची..."

"अहो, मी काय पळून चाललोय?"

आता बघा, साहेबांचं पेन कुणी उचललं तर ते दिवसभर धुमसायचे. आणि मला कोर्टातसुद्धा मान, तर मला दिलं सोडून!

पूर्णिमाबाई मूळच्या यवतमाळकडच्या. बारा वर्षं कंत्राटावर होत्या, आणि कायम करायच्या यादीत यंदा कुठे त्यांचं नाव लागलं होतं. कर्वेनगरहून नऊच्या आत यायच्या. प्रत्येक नाव दोनदा वाचायच्या, मगच माझ्याकडून सही घ्यायच्या. माझा जीव जडला होता त्यांच्यावर, खोटं कशाला बोलू?

मग एक मेल आली. वर मुख्यालयाचं बोधचिन्ह, खाली मोठ्या साहेबांचं नाव. सोबतचं सॉफ्टवेअर आजच टाकावे, अन्यथा कारवाई होईल. रंगनाथसाहेबांनी ती तशीच पूर्णिमाबाईंकडे ढकलली.

"संगणक विभागाला एकदा विचारू का?" बाई म्हणाल्या.

"वरून आलंय. वरून आलेल्याला प्रश्न विचारायचे नसतात. टाका."

बाईंनी टाकलं. मेल वरून नव्हतीच आली, ती कुण्या भामट्याची होती. त्या दिवसापासून बाई डबा खायला गेल्या की पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला. कुठेतरी लांब बसून तो भामटा आमचा कॉम्प्युटर चालवत होता. बाईंनी पिन टाइप केला तेव्हा त्यानं तो टिपून घेतला होता, आणि मी तर दिवसभर लावलेलीच असायचे, कारण काढ-घाल करायला वेळ कुणाला? मला माणूस ओळखता येत नाही हो! पिन बरोबर आला की मी सही करते. चार महिन्यांत तीनशे अकरा खोटे दाखले माझ्या सहीनं गेले. आजही मला स्वतःची शिसारी येते.

उघडकीला आलं ते लोणी काळभोरच्या चंद्रभागाबाईंमुळे. नवऱ्याला दंडाला धरून त्या खिडकीशी आल्या.

"ह्यांच्या मरणाचा दाखला तुम्हीच दिलाय न्हवं? हे बघा, हितं उभं हायेत! आन् तिकडं जमिनीवर भलत्याचंच नाव चढलंय!"

शेजारच्या टेबलावरचे श्यामसुंदर पुटपुटले, "हयातीच्या दाखल्याची खिडकी पलीकडे आहे." कुणी हसलं नाही. पूर्णिमाबाईंनी कागद हातात घेतला. खाली हिरवी खूण होती, माझीच.

चौकशी लागली. अधिकारी येणार त्या सकाळी साहेब सगळ्यांच्या आधी आले, मला उपसलं आणि पाठीवरची पट्टी नखानं खरवडून काढली. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला सात महिने उरले होते, घाबरला होता. पण म्हणून काय असं करायचं?

"पिन तुम्हाला कसा मिळाला?" अधिकाऱ्यांनी पूर्णिमाबाईंना विचारलं.

"साहेबांनीच दिला. मागे लिहिलाय बघा, त्यांच्याच अक्षरात."

त्यांनी मला उलटं केलं. पाठ कोरी होती.

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब फाइलमध्ये डोकं घालून म्हणाले, "माझी सही मी अशी कुणाला देईन का हो?"

मी ओरडत होते. पण मला तोंड कुठे आहे?

यादीतून नाव गेलं, कंत्राटही गेलं. पूर्णिमाबाई आता तारखेतारखेला जबाब द्यायला जातात, आणि मी लाखेनं बंद केलेल्या पाकिटात पुरावा म्हणून पडून आहे. साहेबलोकहो, हात जोडायला मला हात नाहीत, तरी विनवते, आपली सही आपल्याजवळ ठेवा हो. दुसऱ्याचं घर बसतं.

पूर्णिमाबाईंनी एकही खोटा दाखला काढलेला नाही. हे मी शपथेवर सांगते, हवं तर सही करून देते. पण गेल्याच महिन्यात माझी मुदत संपली. आता मला कुठेही लावा, पडद्यावर एकच ओळ उमटते. सही ग्राह्य नाही.