दादाच्या नावाने

धाकट्याचा फोन बंद लागायला लागला तेव्हा सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. तो रंगारी होता. काम लांबचं असलं की तिथेच मुक्काम करायचा, चार्जर खोलीवर विसरायचा, आणि मग एके दिवशी कपड्यांवर चार घरांचे रंग घेऊन दारात उभा राहायचा. आईच्या हे अंगवळणी पडलं होतं. पण रविवारचं जेवण त्याने कधी चुकवलं नव्हतं. लागोपाठ दोन रविवार त्याचं ताट तसंच राहिलं, तेव्हा मधली त्याच्या खोलीवर गेली.

भावंडं तीन. थोरला शाळेची बस चालवायचा. नाकासमोर चालणारा माणूस, रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलला थांबणारा. तो बायकोबरोबर पलीकडच्या वस्तीत राहायचा. मधली ड्रायक्लीनरच्या दुकानात मागच्या बाजूला बसून लोकांचे कपडे उसवायची, आवळायची, लांबी कमी करून द्यायची, आणि आईजवळ राहायची. धाकट्याचं मात्र कुठे बूड टेकलेलं नव्हतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

खोलीवर त्याचा जोडीदार भेटला. त्याला सगळे बुटका म्हणत आणि तोही स्वतःला तेच म्हणायचा. आधी त्याने कानावर हात ठेवले. मधली हलेना, तेव्हा मोरीकडे तोंड करून त्याने सगळं सांगितलं. बुटका परांचीवर वरच्या मजल्याच्या खिडक्या रंगवत होता. मुकादमाने गंमत म्हणून खालची शिडी काढून घेतली आणि सगळ्यांना जेवायला पाठवलं. बुटका वर ओरडत बसला. धाकटा परत आला, त्याने हे पाहिलं, आणि रोलरचा दांडा मुकादमाच्या हातावर घातला. मनगट मोडलं. पोलिसांची गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. कुठल्या चौकीची गाडी, हे बुटक्याने पाहिलं नव्हतं. तोवर त्याला कुणी खाली उतरवलंच नव्हतं.

मधलीने जवळच्या पोलीस ठाण्यापासून सुरुवात केली. तिथे त्या नावाचा माणूस नव्हता. त्यांनी शेजारच्या ठाण्यात पाठवलं, तिथल्यांनी सांगितलं की इतके दिवस पोलीस आपल्याकडे कुणाला ठेवत नाहीत, कोर्टापुढे उभं करून तुरुंगात पाठवतात, तिथे विचारा. शहरात तुरुंग दोन होते. तिने दोन्हीकडे फोन केले. एकीकडे फोनवर माहिती मिळणार नाही म्हणाले, दुसरीकडे फोन उचललाच नाही. कैदी शोधायची सरकारी साइट आहे असं दुकानातल्या मालकिणीने सांगितलं. मधलीने जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर ती उघडली. नाव, आडनाव, वय. तिने धाकट्याचं नाव ऱ्हस्व घालून पाहिलं, दीर्घ घालून पाहिलं, आडनाव पुढे-मागे करून पाहिलं. प्रत्येक वेळी एकच उत्तर यायचं, अशी नोंद आढळली नाही.

मग ती सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या माणसाने बेवारस मृतदेहांची चौकशी करायची आहे का, असं नेहमीच्या आवाजात विचारलं. ती हो म्हणाली. दोन पुरुष होते. एक म्हातारा होता, दुसऱ्याचे केस कुरळे होते. ती बाहेर येऊन पायरीवर थोडा वेळ बसली आणि दुकानात परत गेली. एका गिऱ्हाइकाची पँट संध्याकाळी द्यायची होती.

आईला मधलीने आणि थोरल्याने ताकास तूर लागू दिली नव्हती. धाकटा लांब एका हॉटेलच्या रंगकामाला गेलाय, तिथे रेंज नाही, असं सांगितलं होतं. आईने एवढंच विचारलं की जाताना त्याने स्वेटर नेला का.

सुट्टी काढून थोरल्याने मधलीला मोटारसायकलवर मोठ्या तुरुंगापाशी नेलं. भेटीचा दिवस होता. फाटकाबाहेर बायका, म्हातारी माणसं, कडेवरची मुलं अशी लांब रांग लागली होती. गाडीवर सावली राहील अशी जागा बघून थोरला तिथेच थांबला. चौकशीच्या खिडकीत एक हवालदार बसला होता. चेहऱ्यावर ना राग ना माया, दिवसभर तेच ते विचारून थकलेला. त्याने धाकट्याचं नाव कॉम्प्युटरवर घातलं आणि नाही म्हणाला.

मधली बाजूला झाली नाही. त्याने पुन्हा एकदा पडद्याकडे बघितलं.

“वडिलांचं नाव सांगा. आत घेताना घाईत काहीच्या बाही लिहितात.”

तिने सांगितलं. त्याने ते घातलं, पडदा खाली सरकवत नेला आणि थांबला. मग त्याने एक पूर्ण नाव वाचलं. नाव थोरल्याचं होतं. पुढे वय, तेही थोरल्याचं. मग धंदा रंगारी, गुन्हा मारहाण, कच्चा कैदी.

“हाच का?”

मधलीने मागे वळून पाहिलं. फाटकाच्या गजांमधून थोरला दिसत होता. मोटारसायकलला टेकून रुमालाने हेल्मेटची काच पुसत होता. तिच्या मागच्या बाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“हो,” मधली म्हणाली.

“तुमचं नातं?”

“बहीण.”

निदान हे तरी खोटं नव्हतं, मग आत कुणीही असो.

भेटीची चिठ्ठी हातात घेऊन ती बाहेर आली आणि थोरल्याला तिने जसं घडलं तसं सांगितलं. त्याने हेल्मेट सीटवर ठेवलं. मग त्याने विचारलं की आपणही आत जाऊ शकतो का. मधलीने त्याच्याकडे बघितलं, आणि त्याच्या स्वतःच्याच लक्षात आलं. आत जाण्याआधी ओळखपत्र दाखवावं लागणार होतं, आणि त्याच्या ओळखपत्रावरचा माणूस आधीच आत होता. दोघांनाही क्षणभर हसू आलं. ते लगेच गेलंही.

भेटीच्या खोलीत जाड काच होती आणि दोन्ही बाजूंना फोन. धाकटा बारीक झाला होता, दाढी वाढली होती, पण धडधाकट होता. तिला बघून त्याने आधी आईची चौकशी केली, मग बुटक्याची. बुटका ठीक आहे असं कळल्यावर त्याने मान हलवली.

मधलीने नावाचं विचारलं.

त्याने सांगितलं ते असं. कामाला जाताना तो थोरल्याचं जुनं जाकीट घालायचा. आतल्या खिशात थोरल्याचं मुदत संपलेलं लायसन कधीपासून पडून होतं. ठाण्यात झडती घेताना पोलिसाला ते सापडलं. त्याने फोटो बघितला, याच्याकडे बघितलं. तिन्ही भावंडांचं नाक वडिलांवर गेलेलं. पोलिसाने नाव वाचून दाखवलं आणि लिहून घेतलं.

“मी काही सांगितलं नाही, ताई. मी फक्त नाही म्हटलं नाही.”

त्याच्या स्वतःच्या नावावर दुसऱ्या गावात एक जुनी भांडणाची केस होती, ती घरी कुणालाच माहीत नव्हती. एकदा तारखेला तो गेला नव्हता. खरं नाव लागलं असतं तर जामिनाचं नावच काढायला नको होतं. दादाच्या नावावर मात्र आजवर साधा दंडही नव्हता.

“तू दादाला यातलं काही सांगू नकोस.”

“दादा बाहेर उभा आहे,” मधली म्हणाली.

धाकट्याने फोन कानापासून खाली घेतला आणि वेळ संपल्याचं सांगायला शिपाई येईपर्यंत तो पुन्हा कानाला लावला नाही.

त्या संध्याकाळी थोरल्याच्या घरी वहिनीने घर डोक्यावर घेतलं. तिचंही बरोबर होतं. शाळेच्या बसवर राहायचं तर दर वर्षी पोलिसांचा दाखला लागायचा, आणि तो महिना जवळ आला होता. तिचं म्हणणं, उद्याच्या उद्या ठाण्यात जायचं आणि माणूस बदललाय म्हणून सांगायचं. मधलीचं म्हणणं, जामीन होईपर्यंत गप्प बसायचं, तो एकदा बाहेर आला की पुढचं पुढे बघू. लहानपणापासून त्याचंच बघत आलात सगळे, असं वहिनी म्हणाली. मग दोघी एकमेकींना जे बोलायला नको ते बोलल्या. थोरला जेवत होता. त्याने कुणालाच आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते वकिलाकडे गेले. वकील तरुण होता आणि त्याला या प्रकरणात थोडी मजाही वाटत असावी. गप्प राहिलात तर पुढच्या तारखेला जामीन होऊन जाईल, असं तो म्हणाला. बोटांच्या ठशांचा अहवाल यायचा तेव्हा येईल. बोललात तर खोट्या नावाचा आणखी एक गुन्हा लागेल, जुनी केस वर येईल आणि जामीन विसरा.

“आणि शिक्षा झाली तर ती कुणाच्या नावावर?” थोरल्याने विचारलं.

“कागदोपत्री तुमच्याच,” वकील म्हणाला.

तारखेपर्यंत थोरला रोज कामावर जात राहिला. मुलं चढवली, उतरवली, आरसे पुसले. आपण काय करणार हे त्याने ना बायकोला सांगितलं, ना बहिणीला. मधलीने दोनदा फोन करून विचारलं. बघू, असं तो म्हणाला. तिने त्याचा अर्थ तिला हवा तसा घेतला.

कोर्टाची खोली लहान आणि उकाड्याची होती. पंखा फिरत होता, पण वारा फक्त न्यायाधीशबाईंच्या टेबलापर्यंत पोचत होता. धाकट्याला दोन शिपायांनी आणून कठड्यात उभं केलं. त्याने बाकांकडे पाहिलं, मधली दिसली, तिच्या शेजारी इस्त्रीचा शर्ट घातलेला थोरला दिसला. त्याने नजर खाली घातली. वकिलाने जामिनाचा अर्ज पुढे ठेवला. शिपायाने नावाचा पुकारा केला.

धाकट्याने हात वर केला. त्याच वेळी थोरला बाकावरून उठला.

बसा, असं शिपायाने त्याला खुणेने सांगितलं. तो बसला नाही.

“बाईसाहेब, हे नाव माझं आहे,” तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. मागच्या बाकांवर बहुधा ऐकूही गेला नसेल. “तो माझा धाकटा भाऊ आहे. त्याचं नाव वेगळं आहे.”

वकिलाने कपाळावर हात मारला नाही, पण फाइल मिटली. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. मग कठड्यातल्या माणसाला त्यांनी विचारलं, तुमचं खरं नाव काय. धाकट्याने आपलं नाव सांगितलं. वर्गात हजेरी देतात तसं, वडिलांच्या नावासकट, एका दमात. टंकलेखकाने ते पुन्हा विचारलं आणि त्याने पुन्हा सांगितलं.

बाहेर आल्यावर मधली थोरल्याशी बोलली नाही. तो गाडीपाशी आला तेव्हा ती बसने जाते म्हणाली. त्यावर त्याने एकच वाक्य उच्चारलं, की बसमधल्या पोरांच्या आयांना मी काय तोंड दाखवू. तेही खरंच होतं. ती बसने गेली.

पुढे वकील म्हणाला होता तसंच झालं. जामीन मिळाला नाही. जुनी केस वर आली, नवा गुन्हा लागला, आणि धाकट्याला शिक्षा झाली. मुकादमाने शिडी काढली होती हे बुटक्याने कोर्टात येऊन सांगितलं, त्यामुळे ती व्हायची त्यापेक्षा कमी झाली. थोरल्याचं नाव मात्र कोर्टाचा आदेश असूनही सहजासहजी सुटलं नाही. त्या वर्षी दाखला वेळेवर आला नाही. शाळेने त्याला बसवरून काढून गॅरेजमध्ये टायर तपासायला ठेवलं. त्याने कुठल्या कुठल्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, आणि दर वेळी समोरच्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. मी तो नाही, मी मी आहे, हे पटवायला त्याला जितके कागद लागले तितके धाकट्याला तुरुंगात जायलाही लागले नव्हते, असं वहिनी म्हणायची. नंतर नंतर ती हे हसून म्हणू लागली.

आईला शेवटी मधलीनेच सांगितलं. आई म्हणाली की हॉटेल एवढं मोठं नसतं, हे मला कळत होतं.

शिक्षा लागल्यानंतर काही आठवड्यांनी थोरला पहिल्यांदा भेटीला गेला. आता त्याला ओळखपत्र दाखवायला अडचण नव्हती. मधली बाहेरच थांबली. तोवर दोघांत बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, जेवढ्यास तेवढं.

काचेच्या दोन बाजूंना दोघं भाऊ फोन कानाला लावून बसले. थोरल्याने जेवणाचं विचारलं. धाकट्याने गॅरेजचं विचारलं, आणि विचारताना त्याचा चेहरा उतरला. थोरला म्हणाला, टायर बरे, ते मागच्या सीटवर दंगा करत नाहीत. धाकटा हसला. मग तो काचेवरच्या एका चऱ्यावर नख फिरवत राहिला.

“तू उठलास ना, दादा, तेव्हा मला फार राग आला तुझा.”

थोरल्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“पण इथे सकाळ-संध्याकाळ हजेरी असते. नाव घेतलं की ओरडायचं. तुझं नाव घ्यायचे आणि मी पहिल्या दिवसापासून मागे वळून बघायचो. तू आलायस असं वाटायचं. एकदा त्यावरून मारही खाल्ला.” तो थांबला. “आता माझंच नाव घेतात. वळत नाही.”

थंडी वाजते का, असं थोरल्याने विचारलं. धाकट्याने रात्री वाजते असं सांगितलं.

बाहेर आल्यावर मधलीने काय बोललात म्हणून विचारलं. थोरला म्हणाला, बरा आहे, आत त्याला स्वयंपाकघराच्या भिंती रंगवायला दिल्यात, चुना पातळ आहे म्हणून कुरकुरतोय. मग त्याने गाडीला किक मारली आणि ती मागे नीट बसेपर्यंत थांबला. घरी जाण्याआधी दोघं बाजारात उतरले. लोकरीचा स्वेटर आत चालतो का, हे विचारायचं राहून गेलं होतं, तरी त्यांनी एक घेतला.