दिसले तीस, होते बेचाळीस

मी एक जुना अ‍ॅमीटर आहे, म्हणजे विजेचा प्रवाह मोजणारे यंत्र. माझी गोष्ट एका पत्रापासून सुरू करावी लागेल. ते पत्र आमच्या मास्तरांना त्यांच्या मेहुण्याने लिहिले होते. कुशल विचारून झाल्यावर त्यात एकच प्रश्न होता: ‘दाजी, माझं नेमकं कुठं चुकलं, तेवढं कळवा.’ मास्तरांनी ते माझ्यासमोर वाचले, घडी घालून खिशात ठेवले. उत्तर काही गेले नाही. मित्रांनो, हे सगळे मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. मला दाखवायची सवय आहे, बोलायची नाही.

माझ्या पोटात केसासारखी बारीक तार आहे. प्रवाह गेला की ती तापते, तापली की लांबते, आणि ती लांबली की माझा काटा सरकतो. मला एवढेच येते. वीज कुठून कुठे चालली आहे, हे मला कळत नाही. ताप तेवढा कळतो.

पण तेच कामाचे असते. आपल्या घरातली वीज सारखी पुढे-मागे करते. जितकी पुढे तितकीच मागे, म्हणून तिची सरासरी काढली तर शून्य. तरी इस्त्री तापतेच ना? समजा, प्रवाह काही वेळ एक आणि तितकाच वेळ सात आहे. दिशा सोडून दिली, तर सरासरी चार. ताप मात्र वर्गाच्या हिशोबाने होतो. एकाचा वर्ग एक, साताचा एकोणपन्नास. त्यांची सरासरी पंचवीस, तिचे वर्गमूळ पाच. म्हणजे तार चाराइतकी नाही, पाचाइतकी तापते. या पाचाला वर्गमाध्यमूळ म्हणतात. कारखान्यात सगळे आरएमएस म्हणत. केबल किती जाड घ्यायची, फ्यूज कोणता बसवायचा, हे त्यावरच ठरते. घरच्या विजेचे दोनशे तीस व्होल्ट म्हणतात, तेही हेच; लाटेचा माथा सव्वातीनशेच्या घरात जातो.

मी एका कारखान्याच्या चाचणी-खोलीत होतो. मास्तर तिथले प्रमुख. बुजरा माणूस, कुणी समोर आले की चष्मा पुसत बसायचा. रोज सकाळी माझी काच पुसायचे आणि म्हणायचे, “हा सावकाश बोलतो, पण खोटं बोलत नाही.” माझ्या आयुष्यात झालेली स्तुती ती एवढीच.

मग आकडे दाखवणारा नवा मीटर आला. हलका, चटपटीत. माझा काटा रेंगाळायचा आणि माझ्या पट्टीवर सुरुवातीचे आकडे एकमेकांना चिकटलेले. मला कपाटात ठेवले. नवा मीटर वाईट नव्हता. तो सरासरी काढायचा आणि तीत ठरलेली भर घालून आकडा द्यायचा. लाट गुळगुळीत असेल, तर तो आकडा बरोबर यायचा.

रंग वाळवायच्या भट्टीला नवा रेग्युलेटर बसवला, तो प्रत्येक लाटेचा तुकडा कापून पुढे पाठवायचा. जोडणी मेहुण्याने केली. तो तिथेच फिटर होता, आणि रीडिंग घेतले की केबलला हाताची मागची बाजू लावून पाहायची त्याची खोड होती.

“दाजी, तीस अँपिअर दाखवतोय. केबल पस्तिसाची आहे,” तो दारात येऊन म्हणाला. “पण गरम लागतेय.”

“भट्टीजवळ गार कशी लागेल?”

“तसं नाही. चांगलीच चटका देतेय. बंद ठेवू का?”

“आकड्यावर विश्वास ठेव. हात म्हणजे काय मीटर आहे?”

“तुम्ही म्हणता म्हणजे झालं,” मेहुणा हसला. “ताई म्हणतेच, घरात एकच शहाणा पुरे.”

दुपारी केबल पेटली. भट्टी जळाली, आणि ती बंद करायला धावलेल्या मेहुण्याचा तोच हात भाजला. बोटे पुन्हा सरळ झाली नाहीत. साहेबांनी विचारले, “रीडिंग कोणी घेतलं होतं?” मास्तर चष्मा पुसत म्हणाले, “त्यानंच.” ते खरेच होते. पुढचे वाक्य त्यांच्या तोंडून निघाले नाही, आणि मेहुण्याची नोकरी गेली. तो दूरच्या गावी राहायला गेला.

त्यानंतर मास्तरांनी मला कपाटातून काढले. तसाच रेग्युलेटर लावून दोन्ही मीटर शेजारी जोडले. नव्यावर तीस आले; कापलेल्या लाटेला त्याची ठरलेली भर पुरत नव्हती. माझा काटा सावकाश चढत बेचाळिसावर थांबला. मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा काटा पाहिला. आम्ही दोघेच होतो, आणि मी दाखवण्यापलीकडे काय करणार? मेहुण्याचे ते पत्र यानंतर आले.

निवृत्त होताना त्यांनी मला भंगारातून घरी आणले. येताना मी पडलो. पोटातली तार तुटली. ती आता कुणी बनवत नाही. मी खिडकीत उभा असतो, धुळीसह.

परवा मास्तरांची बायको फोन ठेवून तिथे मास्तरांजवळ येऊन बसली. “धाकटा भाऊ आता कुणालाच ओळखत नाही. लेकीला ताई म्हणतो.” मग म्हणाली, “चांगला होता हो. पण निष्काळजी. मी त्याला तोंडावर बोलले होते.”

“तो निष्काळजी नव्हता,” मास्तर म्हणाले.

आणि त्यांनी सगळे सांगितले. ती रडली नाही. पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“मला तरी सांगायचं,” ती म्हणाली. “तो इथं आला की मी त्याला चहाचा कप जपून धर म्हणायचे.”

“आता लिहितो.”

“कुणाला? तो वाचणार आहे का?”

“लेक वाचून दाखवेल.”

“त्याला कळणार नाही.”

“माहीत आहे.”

मित्रांनो, यंत्राने सांगितलेला आकडा जरूर माना. पण तो कसा काढला, हेही विचारा. आणि कुणी हात भाजतोय म्हणाला, तर आधी वीज बंद करा. मला हे सांगायला उशीर झाला आहे. कुणाला उपयोग होईल, असा भरवसाही वाटत नाही.

मास्तरांचे उत्तर लहान होते: ‘तुझं काही चुकलं नाही. तुझा हात बरोबर होता. मी ऐकलं नाही, आणि विचारलं तेव्हा सांगितलं नाही.’ पत्ता बायकोने घातला. ती बरोबर गेली नाही. मास्तर एकटेच रस्ता ओलांडून गेले आणि त्यांनी पाकीट पेटीत टाकले.