हासळीचं हाड

डॉक्टर महनूर यांनी एक्स-रेचा फोटो पुन्हा उजेडाच्या पाटीवर लावला आणि पेनाच्या टोकानं त्यात छोट्या पायलच्या गळ्याखाली काहीतरी शोधू लागल्या. पेन मानेपासून खांद्यापर्यंत गेलं, परत आलं, दुसऱ्या खांद्याकडे वळलं. समोर बसलेली पायलची आई, जयमाला, त्या पेनाकडे पाहत होती. सकाळी लेक भाजीच्या गाडीवरून पडली होती. हात मोडला की नाही, एवढंच ऐकायला ती सासूला घेऊन नांदुऱ्याहून खामगावला आली होती. त्याला इतका वेळ कशाला लागावा?

"मोडला का जी हात?"

"नाही. मुका मार आहे, होईल बरा." पण डॉक्टरांची नजर फोटोवरून हलली नाही. "हिची हासळीची हाडं दिसत नाहीत. दोन्हीकडची."

"मंग कुठं गेली?"

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी जयमालाचा हात धरून तिच्याच गळ्याखाली टेकवला. कातडीखाली आडवं, टणक हाड लागलं. तोच हात त्यांनी पायलच्या गळ्याखाली नेला. तिथं बोटं मऊ मांसात खचली.

चटका बसावा तसा जयमालानं हात ओढून घेतला. पायल झाल्यापासून तिनं हे अंग तेलानं चोळलं होतं, न्हाऊ घातलं होतं, कडेवर वागवलं होतं. लेकीच्या अंगात एक हाडच नाही आणि आईला पत्ता नाही!

"पोटात बाळाची सगळ्यात आधी जी हाडं धरू लागतात, त्यांतलं हे एक," डॉक्टर सांगत होत्या. "हिचं धरलंच नाही."

"हिचे हात..." जयमालाला पुढं बोलवेना. "हात निखळून तं नाही पडनार?"

"नाही हो. मांसानं घट्ट धरलेत. दातांकडे मात्र लक्ष ठेवावं लागेल, पक्के दात उशिरा येतात. टाळू भरायला वेळ लागला होता का हिची?"

लागला होता. चांगली चालायला-बोलायला लागली तरी टाळू धडधडायची. पण त्या टाळूला जयमालाचा हात क्वचितच लागे. तेल सासूच घाले, टोपडं सासूच बांधे, आणि शेजारणींपुढं ते काढू देत नसे. म्हाताऱ्या माणसाची हौस म्हणून जयमालानं ते सोडून दिलं होतं.

"हे बहुतेक वेळा घराण्यातूनच येतं," डॉक्टर म्हणाल्या. "आईकडून, नाहीतर वडलांकडून. तुमच्या माहेरी कोणाला आहे?"

भिंतीशी सासू, अन्नपूर्णाबाई, नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. हे सगळं त्यांच्या कानावर पडत होतं. आता घरी गेल्यावर काय ऐकावं लागेल, ते जयमालाला आताच ऐकू येऊ लागलं. तिच्या पोटचा दोष. तिच्या माहेरचं रक्त. आणि नवरा, राम? आईचा शब्द न मोडणारा राम काय म्हणेल?

"माह्या माहेरी... कोनाले नाही," ती कशीबशी म्हणाली. "मले तं असं वाट्टे, नसंनच कोनाले."

"तिच्या माहेरी नसंनच," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

त्यांनी पायलला हलकेच खुर्चीवर बसवलं. उभ्या राहिल्या. कोणाकडेही न पाहता त्यांनी पदर खाली सोडला, दोन्ही खांदे पुढं घेतले आणि घेतच गेल्या. छातीसमोर, हनुवटीखाली, खांद्याला खांदा टेकला; मध्ये अडवायला हाडच नव्हतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"हिच्या वडलांचाही फोटो काढावा लागेल," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "कधी कधी थोडंच असतं, कळून येत नाही."

"आई, तुमाले मालूम होतं?"

"ती झाली, त्याच दिवशी. हात फिरवला अन् समजलं."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

अन्नपूर्णाबाईंनी घाईनं पदर वर घेतला. तो दोनदा घसरला.

"माह्या मायनं सांगतलं होतं, खांदे झाकून राह्य, नाही तं सासरचे लोक माहेरी आनून टाकतीन. मी राह्यली झाकून. मालकानंबी कधी इचारलं नाही." त्यांचा आवाज बारीक झाला. "अन् तुले सांगतलं असतं, तं तू पोरीले घेऊन माहेरी गेली असती. रोज भेव वाटे. तू न्हानीत तिले घेऊन गेली, का माह्या जिवाचं पानी होये."

जयमाला त्यांच्याकडे पाहत राहिली. इतकी वर्षं ज्या बाईच्या नुसत्या खाकरण्यानं तिच्या हातातलं भांडं हलायचं, तीच बाई भिंतीला पाठ लावून उभी होती, आणि तिच्या तोंडाकडे पाहत होती.

"आजी," पायल खुर्चीवरून ओरडली. दुखरा हात विसरून ती पुढं झुकली होती. "अजून एक डाव कर ना!"

अन्नपूर्णाबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग दाराकडे. दार अर्धं उघडं होतं. बाहेर बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसली होती, दोघीतिघी मान वळवून आतच पाहत होत्या.

जयमालानंही दाराकडे पाहिलं. ते लावायला ती उठली नाही.

"करा, आई," ती म्हणाली.