एक बोट जागा

सई लिहायला बसली की आधी तिच्या पेन्सिलीचा आवाज येतो. कोऱ्या सुती कापडातून कात्री सरकत जावी तसा तो आवाज असतो, बारीक आणि कोरडा. मधेच थांबतो, कारण पेन्सिल खाली ठेवून ती डाव्या हाताची तर्जनी कागदावर आडवी टेकवते. समोरच्या दोन टॉवरांच्या फटीतून सकाळी जेमतेम अर्धा तास उन्हाची एक पट्टी लालबागच्या आमच्या खोलीत येते, जूनच्या ढगांतून आली तर येते, आणि त्या पट्टीत ते चिमुकलं बोट शिसाने करडं झालेलं दिसतं. दोन शब्दांमध्ये एक बोट जागा सोडायची, असं पहिलीच्या बाईंनी शिकवलं आहे. सई ते इतक्या गंभीरपणे करते की एक शब्द दाराशी थोपवून दुसऱ्याला आत घेत असावी असं वाटतं.

बोटाचा हिशेब मलाही परका नाही. दादरच्या फुटपाथवर कटपीस विकत उभी राहिले तेव्हापासून, आता स्वतःचा गाळा झाला तरी, माझं सगळं आयुष्य बोटा-बोटाने पुढे सरकलं आहे. कापड कापताना शिवणीसाठी एक बोट जास्त सोडावं लागतं, आणि ते एक बोट गिऱ्हाइकाला फुकट द्यायचं की त्याच्यासाठी भांडायचं, यावर मी भले भले व्यापारी घाम फुटेपर्यंत उभे केले आहेत. लोक मला भांडखोर म्हणतात. म्हणोत.

सई माझ्या मुलीची मुलगी. मुलगी, संगीता, सकाळी लोअर परळच्या ऑफिसात जाते, म्हणून नातीला शाळेत सोडणं-आणणं माझ्याकडे. परळच्या त्या जुन्या शाळेच्या फाटकाशी उभं राहिलं की पहिलीचा वर्ग आधी ऐकू येतो. पोरांचा कल्लोळ, बाकांची खरखर, कुणाचं तरी आईसाठी लावलेलं लांबलचक रडं. आणि मग बाईंचा शांत, न चढलेला आवाज: हाताची घडी, तोंडावर बोट. त्यासरशी चाळीस पोरांचा तो कल्लोळ, पाण्यावरचा तवंग बोटाने दूर सारावा तसा, बाजूला होतो आणि वरचा पंखा ऐकू येऊ लागतो. सईला या शब्दांचा मोह पडला. घरी येऊन ती बाहुलीला, उशीला, कुकरलासुद्धा हाताची घडी घालायला लावी. कुकर ऐकत नसे.

मला मात्र ते शब्द उपयोगाचे वाटले. खरं ते लिहिते.

आमच्या घरात एक नाव घेतलं जात नाही. सईचा बाप, नितीन, दोन वर्षांपूर्वी या खोलीतून निघून गेला. शिवडीच्या एका गोदामात कामाला आहे, तिथेच राहतो. सासूच्या खोलीत, सासूच्या शब्दाखाली राहणं त्याला जड जात होतं, हे मला कळत होतं. आणि मी तो शब्द हलका केला नाही, हेही खरं. एका सकाळी दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर, मी त्याला म्हटलं की ज्याला स्वतःचं दार नाही त्याने उंबऱ्यावरून बोलू नये. त्याने चपला घातल्या आणि चालू लागला.

घासाघीस करताना मी गिऱ्हाइकाला दोन पावलं जाऊ देते. तिसरं पाऊल पडायच्या आत हाक मारायची, ही माझी रीत, आणि ती कधी चुकली नाही. नितीनला मी हाक मारली नाही. तो वळेल याची वाट पाहिली. तो वळला नाही. सईच्या शाळेच्या पहिल्या दिवशीही फाटकाशी आला नाही. हा राग मी निखाऱ्यासारखा राखेखाली जपून ठेवला आहे, आणि रोज फुंकर घालून पाहते, विझला तर नाही ना. म्हणून जूनमध्ये सई एकदा बाबांचं नाव घेऊन काहीतरी विचारू लागली, तेव्हा मी तिच्याच बाईंचे शब्द उचलले. ते नाव आलं की हाताची घडी, तोंडावर बोट, असं तिला सांगितलं. तिने लगेच घडी घातली. मला वाटलं, सौदा स्वस्तात पटला.

मग घरचा अभ्यास आला: पालकांनी वरच्या ओळीत मुलाचं पूर्ण नाव काढून द्यावं, मुलाने ते खाली दहा वेळा लिहावं. वरची ओळ मी काढून दिली. सई परब. दोनच शब्द, मधे एक बोट. दुसऱ्या दिवशी वही परत आली ती लाल शेऱ्यासकट: नाव अपूर्ण. उघडून पाहिलं तर दहाही ओळींत सईने माझं ऐकलं नव्हतं. सई लिहून तिने तीन-तीन बोटं जागा सोडली होती आणि मग परब लिहिलं होतं. पानाच्या मधोमध एक पांढरा पट्टा वरून खाली उतरला होता, भिंतीवरचं कॅलेंडर काढल्यावर मागे उरतो तसा. विचारलं, तर म्हणाली, "तिथे नाव आहे. तू बोलू नको म्हणालीस ना."

मी तणतणत शाळेत गेले. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं: रजिस्टरात आईचंही नाव आहे, हाक मारताना तेच घ्या, ज्याने वाढवलं नाही त्याचं नाव माझ्या नातीने का गिरवावं. बाई वयाने माझ्या संगीताएवढ्या. त्यांनी मला पोरांच्या बाकावर बसवलं. गुडघे हनुवटीशी आले. वहीचं नंतर बोलू म्हणाल्या आणि हजेरीपट माझ्यापुढे सरकवला. सईच्या नावासमोर पहिले काही दिवस सोडले तर रोज गैरहजेरीच्या खुणा होत्या, एकाखाली एक नाही, एकाशेजारी एक, टाके घातल्यासारख्या.

रोज मी स्वतः तिला फाटकात सोडत होते.

बाईंनी सावकाश सांगितलं. चाळीस नवे चेहरे. मान खाली घालून नाव वाचायचं, हजर ऐकू आलं की खूण करायची. रोज डबा खाताना डोकी मोजली की एक जास्त भरायचं. काल त्यांनी मान वर ठेवून हजेरी घेतली. "सई नितीन परब म्हटलं, आणि तिसऱ्या बाकावर हिने हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं. मी म्हटलं, बोट काढ बाळा. तर म्हणाली, आजी सांगेल तेव्हा."

घासाघीस करायला समोर काही ठेवलेलंच नव्हतं.

त्या दिवशी दिवेलागणीला सई वही घेऊन बसली. मी तिच्यासमोर बसले. दोन वर्षं न उच्चारलेलं नाव गंजलेल्या कडीसारखं जोर लावून सरकवावं लागलं. "सई नितीन परब," मी म्हटलं. तिचं बोट सवयीने वर गेलं, ओठांपाशी थांबलं, आणि ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. भाव खरा आहे की गंमत आहे हे पाहणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकासारखी. "हजर म्हण गो," मी म्हटलं. ती म्हणाली, पण इतकं हळू, की खालच्या रस्त्यावरच्या बसचा हॉर्न त्याहून मोठा झाला.

मग तिने पानातल्या त्या पांढऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. म्हणाली, "बाईंनी अजून वेलांटी शिकवलेली नाही. तू गिरवायला काढून दे." मी पेन्सिल घेतली. नि, ती, न. पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडून येते, दुसरी पलीकडे उतरते. एकाच नावात एक येणारी, एक जाणारी. चौथी शिकलेल्या माझ्या हाताला कोणती कुठली हे आठवायला वेळ लागला. सईने ती अक्षरं जीभ बाहेर काढून गिरवली, दहाही ओळींत, आणि विचारलं, "आता बाबा हजर?"

शिवडी इथून दूर नाही. पण तिसरं पाऊल केव्हाच पडून गेलं आहे, आणि हाक अजून माझ्याच तोंडात आहे.

आता हजेरीपटावर सई रोज असते. पान भरलं आहे, पट्टा दिसत नाही. पण शिवणीत गेलेलं बोट कुठे नाहीसं होत नाही, ते आतल्या बाजूला दुमडून राहतं. पोर वाढली की एक दिवस शिवण उसवावी लागते, आणि तेव्हा कळतं की इतकी वर्षं आत राहिलेल्या त्या बोटभर कापडाचा रंग अजून उडालेला नाही.