आप्पांची दुपारची झोप

मेल्यावर आपले डोळे प्रयोगशाळेत जावेत, एवढी एकच इच्छा आप्पांनी धरली होती. "जिवंतपणी या डोळ्यांनी काही उजेड पाडला नाही, मेल्यावर तरी पाडू दे," असं म्हणून ते स्वतःच खो खो हसत. त्यांच्या घराण्यात डोळ्याचा पडदा कडेकडून मरत येई. आप्पा पार आंधळे झालेले, थोरल्या लेकीला नळीतून पाहावं तेवढंच दिसे, आणि तिच्या पोरीला आता संध्याकाळी पायऱ्या चुकू लागल्या होत्या. हे का होतं ते अशा पडद्यांच्या अभ्यासातूनच कळेल, असं डॉक्टर म्हणाला होता. मात्र माणूस गेल्यावर काही तासांतच डोळे मिळायला हवेत, हेही त्याने बजावलं होतं. आप्पांचं दुखणं बळावल्यापासून थोरली डोळ्यांत तेल घालून त्यांच्यापाशी बसे. त्या डोळ्यांत तेल घालून काय उपयोग, हा भाग वेगळा.

घराचा एक नियम होता. आवाज दिल्याशिवाय कुणी कुणाला हात लावायचा नाही, आणि झोपलेल्याला तर मुळीच नाही. अवचित स्पर्शाने आंधळा माणूस किती दचकतो, ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी जेवून आप्पा खुर्चीत टेकले. थोरली शेजारी शेंगा सोलत बसली. रेडिओ बंद केला की आप्पा हमखास जागे होत, म्हणून तिने तो चालूच ठेवला. म्हाताऱ्याला आज छान झोप लागली म्हणून बिचारी सुखावली, आणि दुपारभर तिने भांडंसुद्धा वाजू दिलं नाही.

पोर कामावरून आली, तिने दिवा लावला आणि जागीच थबकली.

"आई, रेडिओ बंद कर," ती म्हणाली.

डॉक्टर धावत आला. बुबुळं कुणाच्या तरी उपयोगी पडतील, पण पडदा सगळ्यांत आधी खराब होतो, तो आता अभ्यासाला चालायचा नाही, असं त्याने मान खाली घालून सांगितलं. आप्पा गेल्याचं दुःख होतंच, पण त्यांचा शब्द आपल्यामुळे वाया गेला, हे थोरलीला जास्त लागलं. कुणी तिला दोष दिला नाही, आणि तेच तिला सोसवेना.

डॉक्टर निघाला तेव्हा ती म्हणाली, "माझे घ्या. माझे वेळेवर मिळतील."

मग चाचपडत तिने पोरीचा हात धरला. "आणि तू गं, मी झोपले की हात लावून बघत जा. दचकले तर दचकले."

आता दिवा लावूनही पोरीला आईचा चेहरा नीट दिसत नाही. ती रोज हात लावते. थोरली रोज दचकते आणि तिच्या हातावर थोपटून म्हणते, "आहे गं अजून."