शनिवारची झोप

यिल्डौचा पलंग आठवडाभरासाठी चार ठोकळ्यांवर चढवला होता. तिच्या सोयीसाठी नव्हे. तिची आणि बाळाची देखभाल करायला रोज येणाऱ्या बाउक्येबाईंची कंबर शाबूत राहावी म्हणून. एकोणतीस वर्षं त्या लोकांच्या घरी बाळंतिणी सांभाळत आल्या होत्या, आणि आपण वाकून काम करणार नाही हे त्यांनी म्हणे नवऱ्यालाही लग्नाआधीच सांगून टाकलं होतं. यिल्डौ मात्र खाली उतरायची ती स्टुलावर पाय टेकत, टाक्यांना जपत, डुलत्या होडीतून धक्क्यावर पाऊल टाकावं तशी.

मुलगी झाली शनिवारी. नाव न्यंके. रविवारी सकाळी आठला बाउक्येबाईंनी सायकल कुंपणाला टेकवली आणि घर ताब्यात घेतलं. यिल्डौच्या नवऱ्याला, सीत्सेला, त्यांनी दोन दिवसांत लंगोट बदलायला, बाळाला आंघोळ घालायला आणि मध्ये मध्ये न बोलायला शिकवलं. पाहुण्यांना वेळ दुपारी तीन ते साडेतीन. पलंगावर टेकायचं नाही, बाळाचे मुके घ्यायचे नाहीत. मुलगी झाल्याचा, गुलाबी बडीशेप पेरलेला टोस्ट खायचा, कॉफी प्यायची आणि चालू पडायचं.

यिल्डौची कशालाच तक्रार नव्हती.

"टाके?"

"ठीक."

"दूध?"

"येतंय."

"रात्र कशी गेली?"

"मस्त."

ती वौडसेंड गावच्या पुलावर, होड्या आल्या की पूल उचलायच्या कामाला होती. उन्हाळ्यात एकीकडे शिडाच्या होड्या आणि दुसरीकडे मोटारी खोळंबून एकमेकांच्या नावाने शंख करत असल्या, तरी वरच्या केबिनमध्ये तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. गावात तिचं त्यासाठी नाव होतं.

खरी परिस्थिती अशी होती की शनिवारपासून तिचा धड तासभरही डोळा लागला नव्हता. न्यंके झोपली की ही तिच्या छातीचं वर-खाली होणं बघत बसायची. नजर हलली तर ती हालचाल थांबेल, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. शिंक आली की कपडे ओले व्हायचे, म्हणून ती नाक दाबून शिंक परतवायची. आणि या सगळ्यापेक्षा वाईट म्हणजे, बाळाकडे पाहून पोटात काही हलत नव्हतं. कुणीतरी ठेवायला दिलेलं मूल वाटायचं. घरचे येऊन नेईपर्यंत नीट सांभाळायचं, बस्स. पुढच्या रविवारी बाउक्येबाई निरोप घेणार होत्या. तोपर्यंत यातलं काही त्यांच्या लक्षात आलं नाही म्हणजे जिंकले, असं यिल्डौने मनाशी ठरवून टाकलं होतं.

बुधवारी सकाळी बाउक्येबाईंनी बाळाचं वजन केलं, यिल्डौचा ताप पाहिला, पोट दाबून पाहिलं आणि सगळं लिहायला वही उघडली. या वहीत दिवसाची पानं त्यांनी भरायची आणि रात्रीची आईने. किती वाजता पाजलं, किती लंगोट ओले झाले, आई किती झोपली, आईचं मन कसं आहे. बाईंनी चुकून एकदम दोन-तीन पानं उलटली. मग चष्मा कपाळावरून नाकावर आणला. आणखी एक पान उलटलं. मग त्या पलंगाच्या कडेला टेकल्या, स्वतःचाच नियम मोडून.

"यिल्डौ, पोरी," त्या म्हणाल्या, "येत्या शनिवारी रात्री तू सहा तास झोपलीस हे वाचून मला फार बरं वाटलं. पण आज बुधवार आहे ना?"

यिल्डौने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

"गुरुवारी साडेपाच तास. मन आनंदी. शुक्रवारी... हे काय? 'थोडी चिडचिड, पण लगेच बरं वाटलं.' शुक्रवारची चिडचिड कुणावर होणारेय? माझ्यावर का?"

"तसं नाही," यिल्डौ म्हणाली. "रोज सगळं छानच लिहिलं तर कुणाला खरं वाटलं नसतं."

बाउक्येबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसकाच लागला. यिल्डौलाही हसू फुटलं, मग शिंक आली, ती दाबायला वेळ मिळाला नाही, आणि व्हायचं ते झालं.

"अगं बाई!"

"सॉरी. मी चादर बदलते."

"तू स्टुलावर बस. चादर मी बदलते. कधीपासून होतंय हे?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि वहीत काय लिहिलंयस? 'लघवी: व्यवस्थित.'" बाईंनी कोरी चादर तिच्या हातात दिली आणि ओली ओढून काढली. "व्यवस्थितच म्हणायची! अगं, निम्म्या गावाचं होतं हे. व्यायाम असतो, शिकवते मी. बरं, आता दुसरं सांग. काल रात्री झोप किती?"

"चाळीस मिनिटं असेल."

"परवा?"

"आठवत नाही."

"आणि मन? वहीतलं नको, खरं."

यिल्डौने कोरी चादर हातात धरून ठेवली होती. तिला एकदम आपली आई, मेम, आठवली. मार्चमध्ये, तिच्या आजारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत, रोज एक परिचारिका घरी यायची आणि विचारायची, दहापैकी किती दुखतंय? मेम ओठ घट्ट मिटून जरा विचार केल्यासारखं करायची आणि म्हणायची, दोन. दरवेळी दोन. परिचारिका दोन लिहायची आणि त्या मानाने औषध द्यायची. स्वतःच्या अंत्यविधीला कॉफीबरोबर कोणता केक हवा, त्याचे तुकडे केवढे कापायचे, हे मेमने आधीच लिहून ठेवलं होतं. सगळं वेळेवर पार पडलं. लोक म्हणाले, केवढी खंबीर बाई. फक्त मेमच्या उशीचा अभ्रा धुवायला काढला तेव्हा यिल्डौला दिसलं, की एका कोपऱ्यावर दातांनी चावून चावून भोकं पडली होती.

"मला हिच्याबद्दल काहीच वाटत नाही," ती म्हणाली. आवाज पुलावरून सूचना द्यावी तसा सपाट आला. "भीती वाटते, तेवढीच. आणि मेम असती तर तिलाही मी हे सांगितलं नसतं."

बाउक्येबाईंनी तिच्या हातातली चादर घेतली, अंथरली, कोपरे खोचले. मग म्हणाल्या, "झालं सांगून. बघ, छत पडलं का?"

"नाही."

"मग आता मी सुईणीला फोन करते. ती संध्याकाळी येईल, तुला नीट प्रश्न विचारेल, आणि तू खरी उत्तरं देशील. बऱ्याच जणींचं हे आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरतं. नाही ओसरलं तर डॉक्टर आहेत, औषध आहे, बोलायला माणूस मिळतं. अंगात ताप असता तर लपवला असतास का?"

"बहुतेक हो," यिल्डौ म्हणाली.

"बरं झालं सांगितलंस. यापुढे थर्मामीटर मीच धरणार. आणि रविवारी मी काही जात नाही. वाढीव दिवस मागून घेते."

दुपारी दोन वाजून गेल्यावर सीत्सेला खाली बोलावून सगळं सांगितलं गेलं. यिल्डौला जिन्यावरून फक्त तुकडे ऐकू आले. "मला कसं काहीच..." "कारण ती छान आहे म्हणाली, आणि तू विश्वास ठेवलास." मग सीत्से वर आला, दारात उभा राहिला आणि भलत्याच गोष्टीला हात घातला.

"पाहुणे रद्द करू? मी यादी केलीय. आज तीनला माझी मेम आणि दोन मावश्या, उद्या तुझे पुलावरचे..."

"रद्द कर."

"मेम निघाली असणार. ती नेहमी वीस मिनिटं आधी येते."

ती पंचवीस मिनिटं आधी आली. चित्स्के, सीत्सेची आई, गावभर मोठ्या आवाजासाठी प्रसिद्ध होती. तिच्या मागून तिच्या दोघी बहिणी, एकीच्या हातात विणलेली टोपी, दुसरीच्या हातात टोस्टचे चार पुडे. खाली दारातच रेटारेटी सुरू झाली.

"मेम, आज नको."

"नको म्हणजे? अरे, मी आजी आहे! मी काय वीजमीटर बघायला आलेय?"

"मेम, प्लीज."

घरात 'मेम' ही हाक आता एकाच बाजूची उरली होती. गेले चार दिवस ती ऐकली की यिल्डौ भिंतीकडे तोंड फिरवायची. या खेपेला तिने फिरवलं नाही. सीत्सेच्या तोंडून हे सांगितलं गेलं तर ते कसं पोहोचेल, ते तिला दिसत होतं: जरा दमलीय, बाकी काही नाही. म्हणजे पुन्हा दोनच.

"सीत्से," तिने हाक मारली. "चित्स्केला वर पाठव. एकटीला."

चित्स्के आली. पलंगावर टेकायचं नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती तोल सांभाळत त्या लहानशा स्टुलावर बसली. तिने तोंड उघडलं, पण यिल्डौने तिला बोलू दिलं नाही.

"चित्स्के, मी बरी नाहीये. मला झोप येत नाही. तिच्यावर नजर ठेवली नाही तर तिचा श्वास थांबेल असं वाटतं. तुम्ही काही समजावू नका."

चित्स्केने उघडलेलं तोंड मिटलं. तिला तेवढं शांत कुणी पाहिलं नव्हतं. मग ती म्हणाली, "समजावत नाही. मी काय करू, ते सांग."

"तुम्ही बघा तिच्याकडे. माझ्याऐवजी. पण खरंच बघायचं. मध्येच फोन काढायचा नाही."

"फोन पिशवीतच आहे."

"आणि डोळा हलवायचा नाही."

"नाही हलवत, पोरी. तू आडवी हो."

यिल्डौ कुशीवर वळली. चित्स्केने स्टूल पाळण्याजवळ ओढलं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि एखाद्या खिडकीशी नंबर लागायची वाट बघावी तशी समोर टक लावून बसली. मिनिटं गेली. यिल्डौने दोनदा डोळे उघडून खात्री करून घेतली. दोन्ही वेळा चित्स्के तशीच होती, पापणीसुद्धा जपून लवत होती. तिसऱ्यांदा बघायचं राहून गेलं.

चारच्या सुमाराला धाकटी मावशी जिन्यावर तीन पायऱ्या चढून आली आणि तिला जमेल तेवढं कुजबुजली, "चित्स्के! तुझी कॉफी कधीची गार झालीय! येतेस का?"

चित्स्केने मान वळवली नाही.

"ओतून टाक," ती पाळण्याकडे बघतच म्हणाली. "मी कामावर आहे."