अणदुरात पडलेला बर्फ

शिवलीलाचं लग्न अणदूरला कॅनडाच्या डॅनियलशी झालं. तिच्या व्हिसासाठी लग्नाचे फोटो आज संध्याकाळपर्यंत पाठवायचे होते. धाकट्या बहिणीनं, शिवप्रियानं, फोटोवाल्याच्या दुकानातच अल्बम उघडला अन् तिचं डोकंच फिरलं. नवरा-नवरीच्या मागं बर्फाचे डोंगर!

"शंभूमामा, अणदुरात बर्फ कवा पडला वो?"

"फॉरेनचा जावई हाय, म्हणून कंप्युटरवर झकास केलं," फोटोवाला म्हणाला.

"व्हिसावाला म्हणंल, लग्नच खोटं! खरे फोटो कुठंयत?"

"पुसले की. मेमरी भरली हुती."

"आता संध्याकाळपर्यंत काय पाठवायचं?" शिवलीलानं विचारलं.

शिवप्रियानं रागारागानं स्वतःचा मोबाईल चाळला. एका फोटोत पंगतीत ठेचा खाऊन डॅनियल घळाघळा रडत होता, शिवलीला हसत त्याला पाणी पाजत होती, मागं मांडव अन् सगळं गणगोत.

"ह्यो पाठव, ताई. असलं रडणं कोण खोटं म्हणंल?"